चुकलेल्या उत्तराची हकीकत

व्याख्यानाच्या मंडपात प्रौढ माणसाला एक मोठे संरक्षण असते. वक्ता कितीही विद्वान असला, तरी समोर बसलेल्या गृहस्थाकडे बोट दाखवून "तुम्ही उठा, औरंगजेब कोणत्या साली वारला ते सांगा," असे तो म्हणत नाही. म्हणाला तर दुसऱ्या दिवशी मंडप ओस पडेल. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे ती रीत गावोगाव पसरली. पण श्रोत्यांचीच परीक्षा घेण्याचा पायंडा कोणी पाडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र हे संरक्षण नाही. त्याला रोज, तीस-चाळीस जणांच्या देखत, उभे राहून उत्तर द्यावे लागते. ते चुकले म्हणजे पुढे काय होते, आणि पूर्वी काय होत असे, हा आमचा आजचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु घाटनांदूरला तो क्षुल्लक नाही. अंबाजोगाई तालुक्यातले, बालाघाटाच्या पठारावरचे, परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव ज्या बीड जिल्ह्यात आहे, तो जिल्हा ऊसतोड मजुरांचा म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे हलतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात, आणि चैत्राच्या आगेमागे परततात. आईबापांबरोबर गेलेले मूल तितके महिने शाळेबाहेर राहते. हंगामी वसतिगृहांची सोय झाली आहे हे खरे. तरी सगळीच मुले मागे राहत नाहीत. परतलेले मूल वर्गात येऊन बसते तेव्हा पुस्तक पुष्कळ पुढे गेलेले असते. गुरुजी प्रश्न विचारतात, उत्तर चुकते, मागच्या रांगेतून कोणी तरी फिदीफिदी हसते. असा प्रसंग एखाद्या वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या मुलावर आला तर ते घरी जाऊन रडेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत येईल, कारण त्याला जायला दुसरी जागाच नाही. ऊसतोड्याच्या मुलाला ती आहे. फडावर त्याला कोणी पाढे विचारीत नाही. शाळा सुटण्याची कारणे अनेक, आणि दारिद्र्य हे त्यांतले पहिले, हे आम्ही नाकारीत नाही. पण राहू की जाऊ अशा उंबरठ्यावर जे मूल उभे असते, त्याच्या पारड्यात एका हशाचे वजनही पडते.

या हशाला इतिहास आहे. पूर्वीचे मास्तर मारकुटे होते आणि आताचे शहाणे झाले, एवढ्या एका वाक्यात तो आटोपत नाही. किंबहुना छडी आणि लाज या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांचे इतिहासही वेगळे आहेत, असे आमचे मत झाले आहे.

इंग्रजी अमलापूर्वीची आपली शाळा म्हणजे पंतोजींची गावठी शाळा. देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या पडवीत ती भरे. मुलापुढे धूळपाटी असे. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरलेली, हातात टोकदार काडी. अक्षर चुकले की तळहात फिरवायचा, धूळ सारखी करायची, आणि पुन्हा गिरवायचे. चुकीचा मागमूस राहत नसे. आज आपण वहीवर लाल शाईने जी फुली मारतो ती वर्षअखेरपर्यंत तिथेच असते; बापाला दिसते, शेजारच्या मुलाला दिसते. धूळपाटीला असली आठवण नव्हती. दुसरे साधन परवच्याचे. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सारे सायंकाळी एका सुरात म्हणायचे. एखाद्याला सतरा नव्वे आठवत नसले तर तो नुसते ओठ हलवी, शेजाऱ्याचे ऐके, आणि चार दिवसांनी त्याचाही आवाज सुरात मिसळे. चूक समुदायात बुडून जाई.

यावरून कोणी जुन्या शाळेची आरती ओवाळू नये. पंतोजींची छडी प्रसिद्धच आहे. अंगठे धरून ओणवे उभे करणे, उठाबशा, उन्हात उभे करणे हे नित्याचे होते. परवच्यात ओठ हलविणारा सापडला तर त्याची धडगत नसे. शिवाय त्या पडवीत मुली नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलेही नव्हती. ज्यांना प्रश्नच विचारला जात नाही त्यांचे उत्तर चुकण्याचाही संभव नसतो. आम्हांला एवढेच नमूद करायचे आहे की, चूक झाकणारी दोन साधने त्या शाळेत होती, आणि ती नव्या शाळेने नकळत टाकून दिली.

नवी शाळा आली ती विलायतेहून. आणि यातला योगायोग मोठा चमत्कारिक आहे. अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री १७८९ साली मद्रासेस लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचे प्रमुख झाले. तिकडच्या गावठी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरविताना त्यांनी पाहिली. हीच रीत त्यांनी आपल्या शाळेत उचलली, आणि मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे अशी व्यवस्था लावली. १७९७ साली लंडनमध्ये त्यांनी तिचा वृत्तान्त छापला. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर याने अशीच शाळा काढली. एक मास्तर, शेकडो मुले, आणि मध्ये मॉनिटरांची उतरंड. खर्च अत्यंत कमी. राज्यकर्त्यांना ही पद्धत आवडावी यात नवल नाही.

लँकेस्टर हा क्वेकर पंथाचा. मुलाच्या अंगावर हात टाकणे त्याला पसंत नव्हते, आणि त्या काळी ही गोष्ट लहान नव्हे. पण शेकडो मुले काबूत तर ठेवायची. मग त्याने छडीच्या जागी लाज आणली. अपराधी मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचा. कोणाला टोपलीत बसवून छताला टांगायचे, म्हणजे खालून सगळी शाळा त्याच्याकडे पाहून हसेल. या शिक्षांची वर्णने त्याने स्वतःच मोठ्या समाधानाने लिहून ठेवली आहेत. माणूस दुष्ट नव्हता. गरिबांच्या मुलांसाठी त्याने आयुष्य वेचले. मार बंद केला म्हणजे मुलाचे दुःख संपले, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. ती समजूत आजही पुष्कळ सज्जनांच्या ठिकाणी जिवंत आहे.

मुंबईत १८२२ साली हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. गव्हर्नर एल्फिन्स्टन तिचे पुरस्कर्ते, आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करून जिल्ह्यांकडे धाडण्याचे काम तिने केले, आणि शाळा चालविण्यासाठी तिने लँकेस्टरची पद्धत पसंत केली. छताची टोपली आपल्याकडे आली असे म्हणण्यास आम्हांजवळ आधार नाही. आला तो मॉनिटर, आणि त्याच्याबरोबर वर-खाली नंबर लावण्याची चाल. मुले नंबरवार बसवायची. एकाचे उत्तर चुकले की प्रश्न खालच्याला. त्याने बरोबर सांगितले की तो वर सरकला आणि चुकलेला खाली गेला. आपल्या आजोबांच्या पिढीतील पुष्कळांना ही चाल ठाऊक होती. चुरस वाढते, वर्ग जागा राहतो, हे तिचे गुण सांगितले जात, आणि ते खोटे नव्हते. पण या चालीत एक मुद्दा असा होता की, एकाची चूक हा दुसऱ्याचा फायदा झाला. शेजाऱ्याचे उत्तर चुकावे अशी इच्छा बाळगून चाळीस मुले कान टवकारून बसली. हसणाऱ्याला हसण्याचे कारण मिळाले.

यानंतर पैशाचा संबंध आला. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी असा नियम काढला की, तपासनिसाच्या परीक्षेत जितकी मुले उतरतील तितके शाळेला अनुदान. मुंबई इलाख्यात खासगी शाळांच्या अनुदानाचाही मुख्य आधार पुढे हाच झाला. आता मुलाचे चुकलेले उत्तर म्हणजे शाळेच्या तिजोरीतील खोट, आणि मास्तरच्या पगारावरचे संकट. "दिपोटी येणार" या बातमीने मराठी शाळेत उडणारी धांदल जुन्या आठवणींच्या पुस्तकांतून वाचायला मिळते, तिच्यामागे हा इतिहास आहे. कवी मॅथ्यू अरनॉल्ड हे स्वतः इंग्लंडात शाळातपासनीस होते. या पद्धतीने शिकवणे यांत्रिक झाले, असे ते आपल्या अहवालांतून वर्षानुवर्षे सांगत राहिले. इंग्लंडात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोडली. ती मोडली तरी तिने लावलेली सवय गेली नाही. मास्तरला बरोबर उत्तर हवे असते ते पुष्कळदा मुलासाठी नव्हे, वरच्यासाठी.

हे सर्व मुंबई इलाख्यातले. आपला मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि आपल्या इकडच्या हकीकतीला आणखी एक घडी आहे. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. राज्यकारभाराची भाषा उर्दू. वरच्या वर्गांतील शिक्षणाचे माध्यमही उर्दू. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेही तेच. उर्दू ही सुंदर भाषा आहे, आणि देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा उस्मानियाचा प्रयोग हिंदुस्थानात मोलाचा होता, हे मान्य करूनच पुढचे बोलावे लागते. मराठी घरातले पोर वरच्या वर्गात गेले म्हणजे त्याला उत्तर येत असूनही सांगता येत नसे. इतिहासाचे उत्तर चुकले की भाषेचे, हे त्याचे त्यालाच कळत नसे. १९१७ साली अंबाजोगाईत योगेश्वरीची शाळा निघाली, १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थांसारखा माणूस या दोन्ही शाळांत शिकवीत राहिला. या घटनांची नोंद आपण स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात करतो, ते योग्यच आहे. पण त्या शाळांत बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर पहिली मुक्ती वेगळीच होती. त्याला जे येत होते ते आपल्या भाषेत सांगता येऊ लागले.

ही मुक्ती तरी पुरी झाली काय? १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, माध्यम मराठी झाले. आणि मग "काय करायलास?" म्हणणारे आमचे मूल अशुद्ध ठरले. 'पाणी'ला 'पानी' म्हटले की हशा. तांड्यावरून येणाऱ्या मुलाच्या घरी तर गोरमाटी बोलतात. पहिलीत त्याला मराठी हीच परभाषा. प्रश्न पावसाचा असतो, उत्तर बरोबर असते, आणि चूक निघते ती 'न'ची. पुस्तकी मराठी मुलांना आलीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात संशय नाही. ती शिकविण्याची वेळ वेगळी असते, एवढेच आमचे म्हणणे. पावसाबद्दल विचारले असेल तर आधी पावसाचे ऐकून घ्यावे.

येथे एक प्रसंग सांगणे भाग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याशी बोलावले. धनंजय कीरांनी चरित्रात ही हकीकत दिली आहे. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्याला शिवेल आणि डबे विटाळतील म्हणून वर्गात एकच गलका उडाला, आणि मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला काढले. गणित यायचे की नाही हा प्रश्नच तिथे नव्हता. नुसते उठून पुढे येणे हीच मानहानी होती. आजही "पुढे ये, फळ्यावर करून दाखव," असे आपण सहज म्हणतो. प्रत्येक मुलाला फळ्यापर्यंतचे अंतर सारखे नसते, हे त्या वेळी ध्यानात राहत नाही.

पुढे याच बाबासाहेबांनी मराठवाड्याची शिक्षणातील उपेक्षा पाहून १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. त्याला मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, पालीतील 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथाचा नायक. राजा प्रश्न विचारतो आणि भिक्षू नागसेन उत्तरे देतो, असा तो ग्रंथ आहे. त्यात आरंभीच नागसेन एक अट घालतो. तो म्हणतो, महाराज पंडितांच्या रीतीने बोलणार असतील तर मी बोलेन, राजांच्या रीतीने बोलणार असतील तर नाही. राजाने फरक विचारला तेव्हा तो असा समजावून देतो की, पंडितांच्या बोलण्यात एकमेकांची चूक दाखविली जाते, खोडून काढले जाते, चूक कबूलही केली जाते, पण त्यामुळे कोणी रागावत नाही. राजांच्या बोलण्यात न पटणारे बोलणाराला दंड होतो. आम्हांला वाटते, वर्गातील प्रश्नोत्तराचा सारा कायदा या अटीत आलेला आहे. चूक दाखवूच नये, असे नागसेन म्हणत नाही. ती दाखविताना समोरच्याला दंड होता कामा नये. मौज अशी की, तिथे अभयाची अट उत्तर देणाराने घातली. आपल्या वर्गात उत्तर देणारा सहा वर्षांचा असतो, त्याला अट घालता येत नाही. ती गुरुजींनी आपण होऊन घालून घ्यावी लागते.

दंड करायचा नाही हे ठरले तरी चुकलेल्या उत्तराचे करायचे काय? या प्रश्नाला विसाव्या शतकात फार चांगले उत्तर सापडले, आणि ते सापडले ते एका कंटाळवाण्या कामात. १९२० च्या सुमारास झाँ पियाजे नावाचा एक तरुण स्विस प्राणिशास्त्रज्ञ पॅरिसला गेला. बुद्धिमापनाच्या चाचण्या रचणारे आल्फ्रेड बिने तोवर वारले होते. त्यांचे सहकारी सिमाँ यांनी पियाजेकडे एक काम सोपविले. इंग्रजी चाचण्यांतील प्रश्न फ्रेंच मुलांना विचारायचे आणि किती मुले बरोबर सांगतात ते मोजायचे. मोजता मोजता त्याच्या लक्षात आले की, बरोबर उत्तरांत पाहण्यासारखे काही नाही. गंमत चुकलेल्या उत्तरांत आहे. एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकतात. म्हणजे ती भलतेसलते बोलत नाहीत, त्यांचा काही हिशेब असतो. मग तो "असे का?" हे विचारू लागला, आणि तेच त्याचे जन्माचे काम झाले.

पॅरिस दूर आहे म्हणून आपल्या दुसरीच्या वर्गात याची प्रचीती पाहावी. गुरुजी म्हणतात, "चोवीस लिही." मूल ४२ लिहिते. गुरुजी कपाळाला हात लावतात. पण 'चोवीस' या शब्दात आधी काय ऐकू येते? चार. मग वीस. मुलाने ऐकले त्या क्रमाने लिहिले. "एकोणतीस लिही," म्हटले तर ३९. का? तर एकतीस, बत्तीस, तेहतीस या साऱ्यांत 'तीस' आहे आणि सगळ्यांच्या आरंभी ३ आहे; एकोणतीसनेच काय घोडे मारले? एकोणपन्नास, एकोणसाठ असे करीत गेलेले मूल शेवटी 'एकोणशंभर' म्हणते आणि वर्ग हसतो, कारण तिथे आपण नियम मोडून नव्व्याण्णव म्हणतो. "दोनशे पाच" सांगितले तर ते २००५ लिहिते. दोनशे लिहिले, पुढे पाच लिहिले; आज्ञा तंतोतंत पाळली. ५२ मधून १७ वजा करायला सांगितले तर ४५ येतात. मोठ्यातून लहान काढायचे असे त्याला शिकविलेले असते. सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. हातचा घ्यायचा राहिला, पण शिकविलेला नियम त्याने निष्ठेने लावला.

आपल्या जुन्या हैदराबाद राज्यातील शेजाऱ्यांकडे पाहा. तेलुगूत चोवीसला 'इरवै नालुगु' म्हणतात, म्हणजे वीस चार. कानडीत 'इप्पत्तनाल्कु', म्हणजेही वीस चार. त्या मुलांना ऐकले तसे लिहिले तरी चालते. मराठी मूल त्यांच्याहून मंद नाही. त्याच्या वाट्याला आलेले अंकांचे शब्द अवघड आहेत. जर्मन भाषेतही आधी चार आणि मग वीस म्हणतात, आणि तिकडची मुलेही आकड्यांची अशीच उलटापालट करतात.

हे ओळखून बालभारतीने २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला 'वीस चार' अशा तऱ्हेचे वाचन दिले. गणित समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर (१९४३–२०२३). जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना संख्यांची भीती बसते, ही त्यांची भूमिका होती. त्यावर महाराष्ट्रात केवढे काहूर उठले ते आपल्या स्मरणात असेल. भाषा बुडाली, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. विधानसभेत आडनावांवरून विनोद झाले. चोवीस हा शब्द सुंदर आहे आणि तो टिकावा, असे आम्हांलाही वाटते. विरोध करणाऱ्यांच्या मराठीप्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या गदारोळात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी होती. ज्या अडचणीपायी पिढ्यान्पिढ्या मुले वर्गात हसे करून घेत आली, ती अडचण कोणी जाहीरपणे मांडली, तेव्हा प्रौढांनीही हसूनच उत्तर दिले.

चूक दुसऱ्या कोणी न दाखवता मुलाला आपल्याआप दिसावी, असाही एक मार्ग निघाला. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत लाकडी ठोकळ्यात बसवायचे दहा दट्टे असतात, प्रत्येकाला त्याच्या मापाचे भोक. लहान दट्ट्या मोठ्या भोकात घातला तर तो जातो, पण शेवटी एक दट्ट्या उरतो आणि तो कुठेच बसत नाही. मूल थबकते, पाहते, काढून पुन्हा लावते. "चुकलास" असे कोणी म्हणत नाही. आपली जुनी धूळपाटी थोडी याच जातीची. ही पद्धत आपल्याकडे आणली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. दोघांनी भावनगरला काम केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंना पुढे असे दिसून आले की, महागड्या साधनांचे शिक्षण श्रीमंतांच्या पोरांपुरतेच राहील. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत त्यांचे काम चालले. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणात नेली. जे मूल अंगणात बियांचे ढीग करून मोजते, त्याला ढीग चुकल्याचे ढिगातच कळते.

आता वर्गातले शिक्षक आम्हांला विचारतील की, एका खोलीत दोन इयत्ता, पुढ्यात अभ्यासक्रम, वरून रोज नवी माहिती मागणारी पत्रे. यात प्रत्येक पोराला "तुझा हिशेब काय" हे कधी विचारावे? ही तक्रार आम्ही खरी मानतो. व्याख्यान देणाराचे काय जाते? पण काही गोष्टींना वेळ लागत नाही. पाटीची जुनी रीतच घ्या. प्रश्न सांगावा, सर्वांनी उत्तर लिहून पाटी पालथी घालावी, आणि "दाखवा" म्हटल्यावर सर्वांनी एकदम वर करावी. गुरुजींना चाळीस उत्तरे दिसतात. मुलांना एकमेकांची दिसत नाहीत. कोण चुकले हे गुरुजींना कळते, गावाला कळत नाही. दगडी पाटी गेली आणि ही रीतही तिच्याबरोबर गेली, याचे आम्हांला वाईट वाटते. दुसरे, प्रश्न विचारल्यावर थांबणे. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७० च्या आसपास वर्गावर्गांतून मोजून पाहिले तेव्हा आढळले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला तर मुले अधिक बोलतात, आणि "येत नाही" हे उत्तर कमी होते. दोन सेकंद कोणत्याही अभ्यासक्रमात सापडावेत.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. "हे कसे आणलेस?" हा प्रश्न चुकलेल्यालाच विचारला तर चार दिवसांत मुले ओळखतात की, गुरुजींनी असे विचारले म्हणजे चुकले. मग तो प्रश्नच छडी होतो. बरोबर सांगणारालाही तो विचारला पाहिजे. त्यात आणखी एक लाभ होतो. बरोबर उत्तर शेजाऱ्याच्या वहीतून आले असेल, तर तेही उघडे पडते.

उलट टोकाला जाणारेही आहेत. मूल दुखावेल म्हणून सात आठे चोपन्न म्हटले तरी "शाब्बास!" हे आम्हांला दयेचे सोंग वाटते. सात आठे छप्पनच. मुलाला ते त्या दिवशीच कळले पाहिजे. बाजारात त्याला चोपन्न घेऊन दोन रुपये कोणी सोडणार नाही. मात्र चोपन्न हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हे वर्गाला विचारता येते. कोणी तरी "सहा नवे" म्हणतो. चोपन्नला त्याचे घर मिळते, छप्पनला त्याचे, आणि ज्याने चोपन्न म्हटले तो खाली मान घालून बसत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. लँकेस्टरची टोपली आता आपल्या देशात बेकायदा आहे. हशा कोणत्याही कलमात बसत नाही.

आता चैत्र आहे, आणि बिऱ्हाडे परतत आहेत. अशा वेळी कोणा गुरुजींनी चौथीच्या वर्गात समजा असा हिशेब घातला की, एका माणसाकडे एक कोयता, तर चार कोयत्यांना माणसे किती? पुस्तकाप्रमाणे उत्तर चार. फडावरून कालच आलेली मुलगी म्हणेल, आठ. वर्ग हसेल. पण ऊसतोडीच्या धंद्यात कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला, आणि एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता धरला जातो. गुरुजींनी तीन सेकंद थांबून "आठ कसे?" एवढे विचारले, तर ही सगळी व्यवस्था ती वर्गाला उभ्या उभ्या समजावून सांगेल, आणि पुढचा हिशेब तीच घालील: साडेतीन कोयत्यांना माणसे किती?